शाहूपुरीतली अडत आणि दिल्लीतली दोन वर्षे

प्रश्न थोडक्यात असा: पणजोबांची कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाची अडत (शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देण्याचा धंदा) होती. पन्नासच्या दशकात ते काही काळ खासदार होते, पण लोकसभेत की राज्यसभेत हे घरात कुणी नक्की सांगत नाही. ‘दोन वर्षांत पक्षानं घरी बसवलं’ एवढेच सगळे म्हणतात. माळ्यावर लाल कापडी बांधणीच्या हिशेबाच्या चोपड्या, दिल्लीहून घरी आलेली पत्रे आणि तीन-चार फोटो आहेत. यावरून त्यांचे चरित्र कसे लिहावे?

आधी चोपड्या खाली काढा. अशा माणसावर लिहायला बसलेले घरचे लोक बहुधा दिल्लीपासून सुरुवात करतात, कारण फोटो तिथले असतात. मग मंत्र्यांच्या शेजारी उभे असलेले पणजोबा पहिल्या पानावर येतात आणि चाळीस वर्षे सौद्याला उभा राहिलेला माणूस दोन परिच्छेदांत संपतो. ते गुळाचे व्यापारी होते आणि व्यापार चालू असतानाच काही काळ संसदेत बसले. त्यांचे आयुष्य खतावणीत (माणसागणिक खाती असलेल्या वहीत) आहे. दिल्लीचा भागसुद्धा खतावणी शेजारी ठेवल्याशिवाय नीट उलगडत नाही.

चोपड्या पावसाळ्यात उघडू नका. कोल्हापूरच्या दमट हवेत जुना कागद फुगतो, शाई उतरते, पाने एकमेकांना धरतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात शाहूपुरीच्या काही गल्ल्यांत पाणी शिरले होते. तेव्हा भिजून वाळलेली चोपडी असेल तर चिकटलेली पाने नखाने सोडवायला जाऊ नका, ती जाणकाराकडेच न्या. पुढे कधी कागद भिजलाच तर अठ्ठेचाळीस तासांत बुरशी धरायला लागते. तेवढ्यात वाळवणे जमणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावा, म्हणजे सवडीने एकेक पान सोडवता येते. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. दोन्हींमुळे कागद कायमचा जातो. प्रत्येक चोपडीला क्रमांक द्या, पण तो कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून आत ठेवा. मग खिडकीजवळ, थेट ऊन पडणार नाही अशा जागी, फोन पानाला समांतर धरून सगळी पाने टिपा. पानाचा आकडा फोटोत आलाच पाहिजे, नाहीतर पुढे रोजकीर्दीची (रोजच्या व्यवहारांच्या वहीची) नोंद खतावणीत सापडणार नाही.

वाचायला रोजकीर्द आधी घ्या. डावीकडे जमा, उजवीकडे नावे (म्हणजे खर्च), खाली शिल्लक. प्रत्येक नोंदीशेजारी खतावणीच्या पानाचा आकडा असतो. त्या पानावर गेलात की त्या माणसाचे वर्षभराचे खाते समोर येते. लिपी मोडी असेल तर घाबरू नका. हिशेबाच्या मोडीत तेच ते शब्द फिरून येतात: अडत, हमाली, तोलाई, पट्टी, उचल, हुंडी, धर्मादाय, घरखाते, महिन्यांची आणि गावांची नावे. चाळीस-पन्नास शब्द डोळ्यांत बसले की दुकानाची चोपडी वाचता येते. पत्रव्यवहाराची मोडी अवघड. त्यासाठी मोडी वाचकाची मदत घ्या.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या आकड्यांत. जुन्या पद्धतीत आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ‘१।’ म्हणजे सव्वा रुपया, ‘१॥’ म्हणजे दीड. नवखा माणूस ‘१।’ अकरा वाचतो आणि ‘१॥’ एकशे अकरा. एका पानाची बेरीज जुळवून पाहा. जुळली नाही तर चूक तुमच्या वाचनात आहे असेच आधी धरा, दिवाणजींच्या (दुकानाच्या कारकुनाच्या) बेरजेत नव्हे. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, हे १ एप्रिल १९५७ ला बदलले आणि नवे पैसे आले. त्यानंतरही काही चोपड्यांत आणे रेंगाळलेले दिसतात.

मणाचे तसेच. रेल्वेचा मण सुमारे ३७.३ किलोचा, तर जुना मुंबई मण २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलोचा. कुठला मण आहे हे चोपडीतूनच काढायचे: एखाद्या व्यवहारात रेल्वे पावतीचे वजन आणि दुकानाचे वजन शेजारी असेल तर गुणोत्तर लगेच कळते. गुळाच्या रव्यांच्या (ढेपांच्या) संख्येवरून वजन काढू नका. रव्याचे वजन सगळीकडे आणि सर्वकाळ एकच नव्हते. दशमान वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ पर्यंत सक्तीची झाली.

साल पाहताना व्यापारी वर्ष दिवाळी पाडव्याला सुरू होते हे लक्षात ठेवा. पानावर शक असेल तर चैत्र ते डिसेंबर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुन ७९. कार्तिकी संवत (कार्तिकात सुरू होणारे विक्रम संवत) असेल तर कार्तिक ते डिसेंबर ५७ वजा करा, पुढे आश्विनापर्यंत ५६. म्हणजे संवत २००९ ची चोपडी १९५२ च्या दिवाळीला सुरू होऊन १९५३ च्या दिवाळीला संपते. संस्थानकाळातल्या सरकारी कागदावर फसली सन (महसुली वर्ष) असेल तर जूननंतर ५९० आणि जानेवारीनंतर ५९१ मिळवा. या एका वर्षाच्या घोळामुळे निवडणुकीच्या आधीचा खर्च नंतरचा ठरतो आणि भलताच निष्कर्ष निघतो.

आता अडतीचा गाभा. शेतकरी गुऱ्हाळावरचा गूळ दुकानात आणतो, सौदा होतो, खरेदीदार माल उचलतो. अडत्या आपली अडत, हमाली, तोलाई कापून शेतकऱ्याला पट्टी करतो, म्हणजे हिशेब करून उरलेली रक्कम देतो. पण त्याचा पैसा गुळात अडकलेला नसतो. तो उचलीत अडकलेला असतो. पावसाळ्यात, ऊस शेतात उभा असताना, शेतकऱ्याला बी-खत, लग्नकार्य, बैल यासाठी दिलेली रक्कम हंगामात पट्टीतून वळती होते. म्हणून अडत्याची ताकद गल्ल्यातल्या शिलकीवरून न मोजता येणे बाकीवरून मोजायची, आणि त्या बाकीपैकी किती वसूल होत होती यावरून. जी येणी तीन वर्षे पुढच्या चोपडीत तशीच ओढली गेली ती बुडाल्यात जमा. हंगामाच्या सुरुवातीला, पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यांच्या सुमारास, जुनी बाकी ओढलेली पाने सापडतात. तीच आधी उतरवून घ्या.

एक वही करा. दिल्लीला जाण्याआधीची तीन वर्षे, दिल्लीची वर्षे, आणि नंतरची तीन वर्षे. प्रत्येक महिन्याला एक ओळ. रकाने: आवक, अडतीचे उत्पन्न, दिलेली उचल, येणे बाकी, घरखाते, प्रवास, धर्मादाय व वर्गण्या, आणि शेवटचा रकाना, अक्षर कुणाचे. हा शेवटचा रकाना फार महत्त्वाचा आहे. का, ते खाली सांगतो.

आता दिल्ली. कारकीर्द थोडक्यात का आटोपली हे ठरवायचे तर आधी दार कुठले ते शोधा, कारण प्रत्येक दारातून बाहेर पडण्याची रीत वेगळी होती. २६ जानेवारी १९५० ते १९५२ पर्यंत संविधान सभाच हंगामी संसद म्हणून काम करत होती. त्यात असतील तर पहिल्या निवडणुकीबरोबर मुदत आपोआप संपली. लोकसभेच्या पोटनिवडणुकीतून गेले असतील तर उरलेल्या मुदतीपुरतेच गेले. पहिल्या दोन निवडणुकांत काही मतदारसंघांतून दोन-दोन खासदार निवडले जात, कोल्हापूरकडेही तसेच होते. त्यामुळे यादीत एकाच मतदारसंघापुढे दोन नावे दिसली तर ती चूक समजू नका. ही पद्धत १९६१ च्या कायद्याने संपली.

राज्यसभा असेल तर ‘दोन वर्षांत घरी बसवलं’ या वाक्याचा अर्थच बदलतो. ३ एप्रिल १९५२ ला राज्यसभा स्थापन झाली तेव्हा सगळे सदस्य एकदम निवडले गेले होते. पण दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त व्हावेत अशी घटनेची योजना. म्हणून पहिल्या तुकडीत कुणाला दोन वर्षे, कुणाला चार, कुणाला सहा, हे चिठ्ठ्या टाकून ठरले. दोन वर्षांची चिठ्ठी निघालेले सदस्य २ एप्रिल १९५४ ला निवृत्त झाले. त्यात पक्षाचा हात नव्हता. पुन्हा उमेदवारी द्यायची की नाही हे मात्र पक्षाच्या हातात होते. घरातली आठवण म्हणूनच पूर्ण खोटी नसेल, अर्धी असेल. १९५४ च्या मार्चमधले वर्तमानपत्र काढून मुंबई राज्यातून राज्यसभेसाठी कुणाकुणाचे अर्ज गेले ते पाहा. त्यांचा अर्ज होता आणि हरले, अर्जच नव्हता, की मागे घेतला, या तीन वेगळ्या कहाण्या आहेत.

(पुढच्या पिढीतल्या कुणाचे चरित्र लिहीत असाल तर बरखास्त लोकसभा पाहा: १९७७ ची १९७९ मध्ये, १९८९ ची १९९१ मध्ये, १९९६ ची १९९७ च्या डिसेंबरात, १९९८ ची १९९९ च्या एप्रिलमध्ये. या सभागृहांतून आलेल्या अनेकांची कारकीर्द माणसाच्या कर्तृत्वाने नव्हे, सरकार पडल्यामुळे आखूड झाली.)

संसदेचे वृत्तान्त आता इंटरनेटवर मोफत वाचता येतात. शोधताना अडचण येते ती नावांची. १९५४ पर्यंत राज्यसभेचे छापील नाव इंग्रजीत ‘कौन्सिल ऑफ स्टेट्स’ आणि लोकसभेचे ‘हाऊस ऑफ द पीपल’ होते. लोकसभा हे नाव मे १९५४ मध्ये आले, राज्यसभा हे त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. १९५२ चा खंड नुसता ‘राज्यसभा’ म्हणून शोधाल तर रिकाम्या हाताने परत येण्याची शक्यता आहे. शिवाय आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग तीन-चार प्रकारे लिहून बघा आणि आद्याक्षरे जुळवा. पाटील, देसाई, शहा असतील तर त्याच सभागृहात दुसरे कुणी आहे का ते आधी तपासा. दुसऱ्याचे भाषण पणजोबांच्या नावावर छापले गेले की पुस्तकावरचा विश्वासच उडतो.

पहिली नोंद शपथविधीची काढा. तारीख तिथे पक्की मिळते. मग प्रश्न. त्या काळच्या लोकसभा वृत्तान्तात प्रश्नोत्तरे पहिल्या भागात आणि बाकीचे कामकाज दुसऱ्या भागात वेगळे छापलेले असे. एकच भाग पाहून ‘काही बोललेच नाहीत’ असे लिहू नका. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, अतारांकिताला लेखी उत्तर मिळते. दुसऱ्याच्या प्रश्नावर विचारलेला उपप्रश्न सूचीत पटकन दिसत नाही, तो पूर्ण मजकुरात शोधावा लागतो. व्यापाऱ्याचे खरे काम बऱ्याचदा तिथेच असते: रेल्वेच्या वाघिणी (मालाचे डबे) मिळत नाहीत, गुळाच्या वाहतुकीवर बंधन का, विक्रीकर दोनदा का बसतो. वायदे बाजारावरचा कायदा १९५२ च्या अखेरीस झाला, मालमत्तेवरचा वारसा कर १९५३ मध्ये. गुळाच्या अडत्याला दोन्हींबद्दल मत असणारच, म्हणून त्या चर्चा ओळीने वाचा. मतविभागणी झाली असेल तर बाजूने आणि विरोधात कोण, याची नावे छापलेली असतात. नाव असेल तर त्या दिवशी ते दिल्लीत होते याचा तो पुरावा.

भाषणे कमी सापडली तर लाजू नका आणि लपवूही नका. कामकाज हिंदी-इंग्रजीत चाले. मातृभाषेत बोलायला अध्यक्षांची किंवा सभापतींची परवानगी लागे, आणि लोकसभेत एकाच वेळी भाषांतर ऐकवण्याची सोय १९६४ मध्ये झाली. शाहूपुरीत दिवसाला शंभर माणसांशी बोलणारा माणूस तिथे गप्प बसला असेल, तर त्यातून सभागृह कसे होते तेही कळते.

शेवटची संसदीय नोंद त्यांच्या मृत्यूनंतरची. माजी सदस्य वारले की सभागृहात शोकप्रस्ताव वाचला जातो. निधनाची तारीख घ्या आणि त्यानंतरच्या बैठकांचे पहिले पान पाहा. सात-आठ ओळींत व्यवसाय, संस्था, तुरुंगवास असेल तर तो, सगळे येते. ही माहिती बरीचशी सदस्याने स्वतः भरून दिलेल्या कागदावरची असते, तेव्हा तीही ताडून घ्या.

आता वही उघडा आणि संसदेचे दिवस तुमच्या महिन्यांच्या ओळींवर ठेवा. साधारणपणे अंदाजपत्रकाचे अधिवेशन फेब्रुवारी ते मे, पावसाळी जुलै-ऑगस्टच्या आसपास, हिवाळी नोव्हेंबर-डिसेंबर. गुळाचा हंगाम दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. म्हणजे सौदे सुरू होतात तेव्हा मालक दिल्लीला, वसुलीची वेळ येते तेव्हाही दिल्लीला, आणि पावसाळ्यात कुणाला किती उचल द्यायची हे ठरवायचे तेव्हाही निम्मा वेळ बाहेर. कोल्हापूर-मिरज-पुणे मीटर गेज होते, ब्रॉड गेज १९७१ च्या सुमारास आले; पुण्याला गाडी बदलून मुंबई आणि तिथून दिल्ली. शनिवार-रविवारी येऊन जाण्यासारखा तो प्रवास नव्हता.

अक्षराचा रकाना इथे बोलू लागतो. नोव्हेंबरपासून रोजकीर्दीतले अक्षर बदलले का? कुणाचे आले, भावाचे, मुलाचे, दिवाणजींचे? उचल वाढली आणि वसुली घटली का? नव्या हाताने दिलेली उचल जास्त बुडाली का? घरखाते आटले का? १९५४ च्या कायद्याने खासदाराला महिना ४०० रुपये पगार आणि कामाच्या दिवसाला २१ रुपये भत्ता ठरला. दुकानाच्या त्या वर्षीच्या अडतीशेजारी हा आकडा ठेवून बघा. आजच्या रुपयांत त्याचे रूपांतर करत बसू नका. त्याच चोपडीतला दिवाणजींचा पगार आणि हमालाची मजुरी शेजारी लिहा, वाचकाला लगेच अंदाज येतो. आणि परत आल्यावर दोन-तीन वर्षांत जमीन किंवा घर विकले गेले का, हे दुय्यम निबंधक कार्यालयातल्या सूची क्रमांक २ मध्ये पाहा. सार्वजनिक कामाची किंमत या घराने किती मोजली, याचे उत्तर भाषणांत नाही, या ओळींत आहे.

स्थानिक कागदांत करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनची संस्था आहे. जुन्या वर्तमानपत्रांसाठी आधी तिथे विचारा. ‘पुढारी’ आणि ‘सत्यवादी’ दोन्ही पाहा, एकावर विसंबू नका. वर्षभराचे अंक चाळत बसलात तर कंटाळून सोडून द्याल. संसदीय नोंदींतून तारखा काढा आणि प्रत्येक तारखेच्या पुढचे आठ दिवस बघा. बाजारभावाचा रकानाही टिपून घ्या, चोपडीतले दर ताडायला तो लागतो. संस्थानकाळातले कागद कोल्हापूरच्या पुरालेखागारात, मुख्यतः मोडीत. शिवाजी विद्यापीठाचे ग्रंथालयही विसरू नका. ते ज्यांच्या नावाने आहे ते बॅरिस्टर खर्डेकर स्वतः पहिल्या लोकसभेत होते. कोल्हापूर १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झाले, त्यामुळे त्या आधीचे आणि नंतरचे कागद वेगवेगळ्या पद्धतीने लावलेले असतात. गाव चंदगड तालुक्यातले असेल तर १९५६ पर्यंतचे कागद बेळगाव जिल्ह्याचे. इचलकरंजी, कागल यांसारख्या जहागिरींचा कारभारही बराचसा स्वतंत्र होता.

चोपड्या १९४८ पासूनच सुरू होत असतील तर एक शक्यता मनात ठेवा. गांधीहत्येनंतर कोल्हापुरात जाळपोळ झाली, घरे-दुकाने गेली, कागदही गेले. पण पुरावा असल्याशिवाय तसे लिहू नका, आणि लिहिलेत तर ऐकीव माहितीवरून कुणाच्या घराण्याचे नाव घेऊ नका.

माणसे गाठायची असतील तर नेत्यांच्या मुलांआधी दिवाणजींच्या, तोलाईदारांच्या, जुन्या हमालांच्या घरी जा. ‘शेठ कसे होते?’ विचारले की ‘देवमाणूस’ हेच उत्तर येते आणि बोलणे तिथेच थांबते. पट्टी त्याच दिवशी मिळायची की फेऱ्या माराव्या लागायच्या? उचल कुणाला नाकारायचे? ते दिल्लीला असताना गल्ल्यावर कोण बसायचं? निवडणुकीला गाडी कुणाची होती? असे विचारा. उत्तरे चोपडीशी ताडता येतात, आणि चोपडीचे पान समोर धरले की ऐंशीच्या घरातल्या माणसालाही नावे आठवतात.

कोल्हापूर-मिरज रेल्वेचे काम, गावातला पूल, साखर कारखान्याची परवानगी, हे सगळे ‘त्यांनीच आणले’ असे घरात सांगतात. ज्याच्यामागे प्रश्न, पत्र किंवा ठराव आहे तेवढेच त्यांच्या नावावर लिहा. बाकीच्यांबद्दल ‘गावात असे मानले जाते’ म्हणा. सहकारी साखर कारखान्यांबद्दल जास्त सांभाळून. ऊस कारखान्याकडे वळला की गुऱ्हाळाचा माल घटणार हे अडत्याला कळत होते. त्यांनी कारखान्याला पाठिंबा दिला असेल तर तो स्वतःच्या धंद्याविरुद्ध होता, विरोध केला असेल तर तो समजण्यासारखा होता. दोन्हींपैकी जे असेल ते सरळ लिहा.

पुस्तक दीडशे पानांचे होणार असेल तर दिल्लीला तीस पाने पुरतात. उचलीच्या खात्यांतली शेतकऱ्यांची नावे छापू नका. त्यांची नातवंडे त्याच गावांत आहेत आणि आजोबांचे बुडीत कर्ज कुणाला पुस्तकात वाचायला नको असते. गाव, साल, रक्कम एवढे पुरे. वडिलांनी किंवा काकांनी त्या दोन वर्षांत दुकान कसे चालवले, त्यावर मात्र स्वतंत्र प्रकरण करा. त्यांच्या अक्षरातल्या पानांचा एक फोटो त्यात घाला, मंत्र्यांबरोबरच्या फोटोइतकाच मोठा.

काम संपल्यावर चोपड्या पुन्हा माळ्यावर टाकू नका. पुरालेखागार किंवा विद्यापीठाला विचारा. द्यायच्या आधी प्रत्येक चोपडीचा क्रमांक, साल, पानांची संख्या आणि फाटलेली पाने यांची यादी दोन प्रतींत करा, एकीवर पोच घ्या, आणि टिपलेले फोटो घरातल्या निदान दोन वेगळ्या माणसांकडे ठेवा.